चर्चच्या आवारात सृष्टीची राखण कशी सुरू करायची (बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींसाठी)

पहिलं सांगतो, झाडं लावून सुरुवात करू नका. आमच्या मंडळीनं (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी) तीच चूक केली. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून युथच्या पोरांनी ४० रोपं आणली, फ्लेक्सचा बॅनर छापला (तो पण प्लास्टिकचाच, तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही), फोटो झाले, उपीट-चहा झाला. पाऊस तेव्हा कुठं? वळीव एकदा पडून गेलेला, लाल माती वरून ओली आणि खाली विटेसारखी. ऑगस्टात मोजली तर ११ राहिलेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ३. बाकीची शेळ्यांनी नाहीतर उन्हानं नेली. जे जांभूळ आज डोक्याइतकं उंच झालंय ते का जगलं माहितीय? ते आवारातल्या गळक्या नळाशेजारी लावलं होतं म्हणून.

म्हणजे आमचं नीट वाढलेलं एकमेव झाड आमच्या निष्काळजीपणावर वाढलं. तिथनं पुढं मी या विषयाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण मंडळीला सांगताना शब्दच कामाला येतात. मराठी बायबलमध्ये ज्याच्या हातात धन्यानं सगळं सोपवलंय त्याला 'कारभारी' म्हटलंय. लूक १६ मधला धनी कारभाऱ्याला बोलावतो आणि सरळ हिशेब मागतो. आपल्याकडं तर हा शब्द घरोघरचा, जुन्या बायका नवऱ्याला अजून कारभारीच म्हणतात. कारभारी म्हणजे मालक नव्हे, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मालक कोण, ते स्तोत्र २४ च्या पहिल्याच ओळीत आहे, पृथ्वी परमेश्वराची. उत्पत्ती १:२८ मध्ये माणसाला बाकीच्या जिवांवर सत्ता दिलीय हे खरं, आणि १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं एका गाजलेल्या लेखात याच विचारावर बोट ठेवून निसर्गाच्या नासाडीबद्दल ख्रिस्ती जगाला चांगलंच धारेवर धरलं. पण पान उलटून २:१५ बघा, तिथं माणसाला बागेत ठेवलंय ते मशागत आणि राखण करायला. खानापूरकडं भात पोटरीत आलं की रानडुकरं येतात म्हणून माणसं माळ्यावर बसून रात्र काढतात, ती राखण. प्रवचनात हा माळा आला की मागच्या बाकावरचे पण मान वर करतात, मी बघितलंय.

आता काम. पहिले दोन महिने काहीही बदलायचं नाही, फक्त एक वही घालायची. १०० पानी पुरे. रविवारी भक्ती संपल्यावर एकानं (दोघांवर सोपवलं की कोणीच करत नाही) चार गोष्टी लिहायच्या: पाण्याची टाकी किती उतरली, लाइट बिलाचं युनिट, कचऱ्याच्या किती पिशव्या आणि त्यातलं काय जाळलं. नळ गळत असेल तर रात्री बादली लावा आणि सकाळी मोजा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५-२० लिटर घालवतो, आणि वायसर मिळतो पाच-दहा रुपयाला. आमच्या आवारात असे दोन नळ होते. कमिटीत तीन वर्षं वृक्षारोपणावर चर्चा झाली, वायसरवर एकदाही नाही.

वहीत आमच्या जे पहिलं डोळ्यात आलं ते प्रभुभोजनाचे कप. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर माहितीच आहे, अंगठ्याएवढे प्लास्टिकचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी शंभर-सव्वाशे. भक्ती संपते, सगळे बाहेर हात मिळवत उभे असतात, तोपर्यंत आतमध्ये सेवक ते कप एकात एक घालून उभी चळत करतो, प्रत्येकाच्या तळाशी द्राक्षरसाचा जांभळा ठिपका, त्याला मुंग्या, आणि अर्ध्या तासात वेस्ट्रीच्या (पाळकांच्या खोलीच्या) मागं त्याचा काळा धूर. ज्या टेबलावर आपण देहाची आणि रक्ताची आठवण करतो त्याचा शेवट असा. मी हे पाळकसाहेबांना दाखवायला मागं घेऊन गेलो, बोललो काहीच नाही. पुढच्या मिटिंगला काचेच्या लहान कपांचा विषय त्यांनीच काढला.

काचेचे किंवा स्टीलचे कप घ्या. खर्च एकदाच होतो. धुवायचं काम फक्त महिला मंडळावर ढकलू नका, पाळी लावा आणि त्यात पुरुषांची नावं घाला, आमच्यात पहिल्या पाळीला सेक्रेटरी होते आणि तीन कप फोडले, पण पाळी टिकली. कोणी कुरकुर केली तर सांगा की १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, प्लेट, चमचे आणि सजावटीचं थर्माकोल देशभर बंद आहे, कर्नाटकात तर प्लास्टिकबंदी २०१६ पासूनच आहे. थर्माकोल म्हटलं की ख्रिसमसचा गोठा आलाच. तो भाताच्या पिंजराचा, बांबूचा आणि शेणामातीचा करा, येशू जन्मला त्या गोठ्यात थर्माकोल नव्हतं एवढं सांगितलं की संडे स्कूलची पोरं स्वतःच पिंजर आणतात.

लग्नाच्या जेवणात पत्रावळी आणि स्टीलचे पेले, पाण्याच्या बाटल्या नकोत. भांडी मंडळीचीच असली की गरीब घरातल्या लग्नाचा पण खर्च वाचतो, म्हणून १५० ताटांचा सेट घेऊन ठेवा. कबरस्तानात २ नोव्हेंबरनंतर (मृतांच्या स्मरणदिनानंतर) एकदा जाऊन बघा, प्लास्टिकचे हार, मेणबत्त्यांची पाकिटं, अगरबत्तीचे पुडे. गेटवर एक टोपली ठेवा आणि फाटकाशी झेंडूवाल्या मावशीला बसू द्या. एवढंच, बाकी कबरींवर कुणाला उपदेश करू नका, माणूस त्या दिवशी वेगळ्या मनात असतो.

पाण्यावर मात्र जास्त वेळ घालवा, कारण आपल्याकडं हाच खरा विषय आहे. छपराचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. जुनं चर्च असेल, दोन हजार स्क्वेअर फुटाचं छप्पर धरा, म्हणजे साधारण १८५ चौरस मीटर. बेळगावात वर्षाला १२०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, वीस टक्के उडून-सांडून गेला तरी पावणेदोन लाख लिटर येतं. आणि एप्रिलमध्ये आपण टँकर मागवतो. पन्हाळी लावा, पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाजूला सोडून द्या (कौलावरचं शेवाळ, पाखरांची घाण), मग खडी, वाळू आणि कोळशाच्या थरातनं गाळून टाकीत नाहीतर आवारातल्या जुन्या विहिरीत सोडा. सेप्टिक टँक विहिरीजवळ असेल तर हे करू नका, आधी त्याचं बघा. टाकीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, नाहीतर पाण्याबरोबर डेंगी पण साठवाल.

आणि पाणी पुढं कुठं जातं ते मंडळीला नकाशावर दाखवा. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पुढं सौंदत्तीजवळ धरणात अडते आणि तिथनं हुबळी-धारवाड पितं. बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातनं जातो, पावसाळ्यात तुंबला की भातात पाणी, आणि पुढं मार्कंडेय नदी. तर 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचं उत्तर आपल्यापुरतं असं आहे, जो प्रवाहाच्या खाली राहतो तो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्याला एक परका उचलतो ती) या नकाशासकट सांगून बघा. आमच्याकडं एक आजी म्हणाल्या, मग आपण तर त्या वाटेवरचे लुटारू झालो की. मी ते वाक्य अजून विसरलो नाही.

मंडळीत शेतकरी असतील तर त्यांच्याशी वेगळं बसा, चर्चमध्ये नाही, बांधावर. लेवीय १९ मध्ये सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा (कापणीनंतर रानात पडून राहिलेलं) वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. सरवा हा शब्द शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही, भुईमुगाच्या शेंगा काढून झाल्या की बायका-पोरं सरव्याला येतातच, फक्त हल्ली काही जण हाकलतात. लेवीय २५ मध्ये तर सातव्या वर्षी जमिनीला पण शब्बाथ, म्हणजे विसावा आहे. आता दीड एकरवाल्याला वर्षभर रान पडीक ठेव म्हणणं हा मूर्खपणा, तसं म्हणू नका. पण ऊसवाल्याला पाचट जाळू नको हे म्हणू शकता. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत दाबून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं कल्चर टाकलं की ओल टिकते, तण कमी येतं आणि मातीला खायला मिळतं. जाळलं की नत्र धुरात. एकानं एका पट्ट्यात करून दाखवलं की बाकीचे बघतात, प्रवचनापेक्षा पट्टा बरा.

झाडं आता लावा. जूनअखेर किंवा जुलैत, दोन-तीन मोठे पाऊस मुरल्यावर. मिशन कंपाउंडात मोकळी जागा दिसली की नीलगिरी नाहीतर अकेशिया लावायची जुनी सवय आहे, ती सोडा, नवीन नीलगिरी लावायला कर्नाटकानं २०१७ मध्ये बंदीच घातली होती. खानापूर-बेळगाव पट्ट्यात जांभूळ, फणस, आंबा, ऐन, किंजळ, करंज. तिकडं अथणी-रायबागला पाऊस निम्म्यावर, तिथं कडुलिंब, चिंच, बाभूळ. प्रत्येक रोपाला एका घराचं नाव द्या, बाप्तिस्मा झालेल्या बाळाचं दिलं तर अजून बरं, आजी-आजोबा पाणी घालायला चुकत नाहीत. ४० नको, ८ लावा. काटेरी कुंपण आधी, रोप नंतर. आणि जुनं झाड तोडायचं ठरलं तर वनखात्याची परवानगी लागते का ते आधी बघा, १९७६ चा वृक्ष कायदा चर्चला पण लागू आहे.

वर्षात हे बोलायला एक ठरलेली वेळ हवी. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा जगभरच्या चर्चमध्ये सृष्टीकाळ मानतात. १ सप्टेंबरची प्रार्थना १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मप्रमुख दिमित्रिओस यांनी सुरू केली, पोप फ्रान्सिसनी २०१५ मध्ये ती कॅथलिक चर्चमध्ये आणली, त्याच वर्षी त्यांचं 'लाउदातो सी' हे सृष्टीच्या राखणीवरचं पत्रक आलं होतं. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. म्हणजे कॅथलिक, मेथडिस्ट, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) सगळ्यांना एकत्र बसायला ही जागा बरी आहे, दुसऱ्या विषयावर बसवून बघा. आपल्याकडं तेव्हा गणपती असतो, पोरं मंडपात असतात, म्हणून शनिवार धरू नका. बोर्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, कोकणीवाले असतील तर त्यांना तोंडी सांगा. भाषेवरनं भांडायला या जिल्ह्यात बाकीच्या जागा पुष्कळ आहेत, कचऱ्याची टोपली त्यातनं सुटू दे.

विरोध होणार. एक जण हमखास म्हणणार, हे जग जळूनच जाणार आहे, २ पेत्र ३ वाचा, कशाला करूलास हे सगळं? त्याच्याशी वाद घालू नका, उत्पत्ती ९ उघडून द्या. जलप्रलयानंतर देवानं करार केला तो नोहाशी आणि त्याच्याबरोबरच्या प्रत्येक जिवाशी, पाखरं, गुरं, रानातली जनावरं सगळी आली. दुसरा म्हणणार, ही तर निसर्गपूजा झाली. त्याला विचारा, धन्याच्या घराची झाडलोट केली म्हणजे घराची पूजा होते का? तिसरा काहीच म्हणत नाही, फक्त कप प्लास्टिकचे आणतो. त्याला भांडी धुवायच्या पाळीत घ्या.

वही मार्चमध्ये काढा. वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च वाचतात ना, त्याच्या लगेच पाठोपाठ पाणी, युनिट, कचरा आणि जगलेली झाडं वाचून दाखवा, मेलेली पण वाचा. चहाच्या आधी वाचा, चहानंतर कोणी थांबत नाही.