गणपतीला जास्वंद हवी, तर छाटणी आर्द्रा लागण्याआधी

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. छाटल्यावर फूट येऊन ती पक्की होऊन कळ्या धरायला देशी झाडालाही दोन-अडीच महिने लागतात. भाद्रपदात दारची फुलं गणपतीला वाहायची असतील, तर कात्री मृगातच चालवा. 21-22 जूनच्या सुमारास आर्द्रा लागतं, तिथे थांबा. आपल्याकडे कोल्हापुरात नेमकं उलटं होतं. वळवाच्या दोन-चार सरींनी झाड टवटवीत दिसतं, म्हणून तेव्हा कुणी हात लावत नाही. श्रावणात फांद्या कंपाउंडबाहेर लोंबू लागल्या की कोयता निघतो, आणि तयार होत आलेल्या कळ्यांसकट झाड भुंडं होतं. मग ‘यंदा जास्वंद आलीच नाही’ म्हणायचं.

छाटणीला उघडीप असलेला दिवस धरा. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा. उरलेल्यांचा साधारण तिसरा हिस्सा कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर आणि तिरका असू द्या, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. अंगठ्याएवढ्या जाड फांदीच्या कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन झाडांसाठी एवढा खटाटोप नको असेल, तर कॉपर ऑक्सिक्लोराईड पाण्यात दाट कालवून ब्रशने लावलं तरी भागतं. नर्सरीतून आणलेल्या मोठ्या फुलाच्या संकरित जाती दमाने वाढतात, त्यांचे फक्त शेंडे मारा. कलमी झाड असेल तर जोडाच्या खालून आलेली फूट दिसेल तेव्हा मोडा, नाहीतर दोन वर्षांत वरचं झाड जाऊन खालची देशीच उरते.

आता पाण्याचं. कोल्हापुरात जास्वंद उपाशी मरत नाही, पाण्यात मरते. पुनर्वसू आणि पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात, काळ्या जमिनीत आठवडा आठवडा वाफसा येत नाही, म्हणजे जादा पाणी निघून माती मोकळी होत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. करवीर, हातकणंगले, शिरोळकडच्या भारी जमिनीत खड्डा करून लावण्यापेक्षा फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. उन्हाळ्यात केलेलं आळं आता फोडून टाका आणि बुंध्याला मातीची भर द्या, म्हणजे पाणी बाहेर सरकेल. कुंडीखालची ताटली काढून ठेवा. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या तांबड्या मातीत निचऱ्याची चिंता नाही, पण तिथे खत धुऊन जातं. तिथे एकदम न देता महिन्याला थोडं थोडं द्या.

पानं पिवळी पडली की लगेच युरियाकडे हात जातो. त्याआधी पान हातात घेऊन बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसतं. बुडाकडची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील, तर आधी मुळाशी पाणी साचलंय का ते पाहा. जुन्या पानांच्या कडा करपल्या, तर पालाश (पोटॅश) कमी पडतंय.

लोहासाठी चिलेटेड लोह 1 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून, पाऊस नसलेल्या सकाळी पानांवर फवारा. पण हा आजार बऱ्याचदा आपणच विकत घेतलेला असतो. जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) फार लागत नाही. जास्त झालं की ते लोह अडवून धरतं. त्यात साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) आपल्याकडे सहज मिळते, म्हणून पाट्या भरभरून बुंध्याशी पडते. मळीत स्फुरदही असतं आणि चुनाही. ताजी मळी तर तापते आणि मुळं भाजते. चांगली कुजलेली मळी बेतानं, तीही तांबड्या मातीत, घाला. चुनखडीच्या जमिनीत ती नको, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राखही नको. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत आणि बुंध्यापासून वीतभर सोडून उसाच्या पाचटाचं आच्छादन बरं. डीएपी या स्फुरदाच्या खताची मूठ टाकायची सवय मात्र सोडाच.

युरिया जास्त झाला तर झाड माजतं. पानं हातभर, कळ्या मात्र टपाटपा गळतात. शिवाय कोवळ्या फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण ठरलेला. शेंडा आकसून मुठीसारखा झालेला दिसला, की तो तसाच खुडून पिशवीत घालून नष्ट करा, फवारणी नंतर. मुंग्यांची रांग फांदीवर चढताना दिसली तर ढेकूण आहेच असं धरा, कारण त्याचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्याला राखतातही. सततच्या दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडी मारणारी बुरशी 5 ग्रॅम प्रतिलिटर संध्याकाळी फवारलं तर चांगलं काम करतं. उघडीप मिळाली की निंबोळी तेल 5 मिली प्रतिलिटर, साबणाच्या थोड्या पाण्यात फेटून. मुळकुजीसाठी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालणार असाल तर त्याच वेळी तांब्याचं औषध ओतू नका. तांबं त्या बुरशीलाच मारतं.

शंखी गोगलगायी असतील तर तिन्हीसांजेला गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट झाडाजवळ टाका. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. गूळ साधा, काळपट चालतो.

पंचगंगेकाठच्या वस्तीत 2019 आणि 2021 साली बागाही पाण्याखाली गेल्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की कुंड्या गच्चीवर न्या. जमिनीतलं झाड बुडालं तर पूर ओसरताच पानांवरचा गाळ धुऊन काढा, बुंध्याभोवतीचा थर खरवडा आणि नवी फूट दिसेपर्यंत खताचा दाणाही घालू नका.

मृगात छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या करा. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात, पावसाचा मार लागणार नाही अशा सावलीत, दोन डोळे आत जातील इतक्या खोचा. देशी लाल महिना-दीड महिन्यात मुळं धरते. संकरित जाती काडीवर रुसतात. त्यांना गुटी बांधलेली बरी, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळं फुटू द्यायची. काडी उपटून मूळ आलं का ते बघायचा मोह होतो, तो आवरा. नवी पानं फुटली तरी आणखी दोन आठवडे तिला हलवू नका.