ख्रिस्ती बालवाडीतील शिस्त, आरोग्य आणि सुरक्षितता: सोलापुरातील शिक्षिका व व्यवस्थापकांसाठी

बालवाडीची नियमावली लिहायला बसले की बहुतेक संस्था मुलांनी काय करू नये याची यादी करतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ती वाचता येत नाही, त्यामुळे नियम मोठ्या माणसांसाठी, म्हणजे शिक्षिका, सेविका, रिक्षावाले आणि व्यवस्थापक पाळक (चर्चचे धर्मगुरू) यांच्यासाठी लिहावेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी बालवाड्यांसाठी वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सेविका असे प्रमाण सुचवले आहे. ते सांभाळले नाही तर पुढचे नियम कागदावरच राहतात.

ख्रिस्ती संस्थेत मारण्याचा विषय निघाला की कोणीतरी बायबलमधील नीतिसूत्रे १३:२४ हे वचन पुढे करते आणि छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, असे सांगते. त्याच पवित्र शास्त्रात तेविसाव्या स्तोत्रातील मेंढपाळाची काठी मात्र धीर देणारी आहे, कारण ती कोकराच्या पाठीत बसत नाही, कोकरावर धावून येणाऱ्या श्वापदावर उगारली जाते. हा अर्थ शिक्षिकांच्या पहिल्या बैठकीत पाळकांनी स्वतः सांगावा. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर वाद फारसा उरत नाही. मारणे, चिमटा काढणे, अंधाऱ्या खोलीची भीती घालणे, डबा काढून घेणे आणि ओल्या चड्डीवरून चारचौघांत हसणे या सर्व गोष्टींना लेखी मनाई असावी. ‘येशू बघतोय, शिक्षा करील’ हे वाक्यही त्याच यादीत घालावे. ज्याच्यापुढे हात जोडायला आपण शिकवतो त्याचीच धास्ती मुलाला बसली, तर प्रार्थनेची वेळही शिक्षाच ठरते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जूनमध्ये येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात, आणि ‘रांगेत उभा राहा’ हे ऐकूनही जागचे न हलणारे मूल हट्टी नसून त्याला ते वाक्यच कळलेले नसते. ‘नीळ्ळु’ किंवा ‘नीरु’ म्हणत रडणाऱ्या मुलाला पाणी हवे आहे, एवढे शिक्षिकेला समजले तरी निम्मी बेशिस्त नाहीशी होते. असे दहा-बारा शब्द वर्गाच्या दाराशी लिहून ठेवावेत.

एका मुलाने दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला, असे समजू. शिक्षिकेने आधी चावणाऱ्या मुलाकडे वळू नये. ज्याला लागले त्याला जवळ घ्यावे, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मग गुडघ्यावर बसून, दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, ‘चावायचे नाही, त्याला दुखले’ एवढेच हळू आवाजात सांगावे आणि त्याला दोन-तीन मिनिटे आपल्याशेजारी बसवून ठेवावे. दोन्ही घरी त्याच दिवशी कळवावे, मात्र चावणाऱ्याचे नाव समोरच्या पालकांना सांगू नये.

धार्मिक गीते आणि प्रार्थना यांत सहभागासाठी प्रवेशअर्जातच पालकांची संमती घ्यावी. हात न जोडणाऱ्या मुलाला बेशिस्त समजू नये.

आजारपणाचे नियम प्रवेशाच्या दिवशीच समजावून सांगावेत. औषध न देता चोवीस तास ताप उतरलेला असावा, उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस झालेले असावेत आणि कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरलेल्या असाव्यात, तरच मुलाला पाठवावे. उवा झाल्या म्हणून मात्र कोणालाही घरी बसवू नये. अख्खे शेंगदाणे या वयात श्वासनलिकेत अडकतात, म्हणून डब्यात बारीक कुटलेली शेंगा चटणी चालेल, मूठभर दाणे चालणार नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचे नाव मात्र स्वयंपाकघरातही लावलेले असावे.

पाण्याच्या बाबतीत या शहरात दुहेरी जोखीम आहे. नळाला पाणी अनेक दिवसांनी येत असल्यामुळे आवारात पिंपे भरून ठेवली जातात, आणि त्यांत डेंग्यूचे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून दर आठवड्याला एकदा प्रत्येक पिंप रिकामे करून आतून घासावे. पिंपाचे झाकण दोरीने घट्ट बांधावे, कारण लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. बादली वापरून झाली की लगेच उपडी करावी. मार्च उजाडला की पत्र्याच्या घसरगुंडीवर सेविकेने रोज आपला तळहात टेकवून पाहावा आणि पाच अंक मोजेपर्यंत तो टिकला नाही तर त्या दिवशी घसरगुंडी बंद ठेवावी. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर मैदानावरचे खेळ नऊच्या आत आटोपावेत आणि दर अर्ध्या तासाने, मागितले नाही तरी, पाणी पाजावे.

सुटीच्या वेळी सर्वांत जास्त घोळ होतात. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, त्यामुळे न्यायला आज आजोबा येतात, उद्या शेजारीण. अशा प्रत्येकाचे छायाचित्र आणि पालकांची सही नोंदवहीत असावी. नोंद नसलेला माणूस ओळखीचा वाटला तरी पालकांशी फोनवर बोलणे झाल्याशिवाय मूल त्याच्या हाती देऊ नये. रिक्षावाल्यांची आणि सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यावी.

मुलाच्या अंगावरील खुणांवरून किंवा बोलण्यावरून लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर संस्थेची अब्रू किंवा चर्चच्या मंडळीतील नाती यांचा विचार करत बैठका घेऊ नयेत. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची मदत मिळते. मुलाला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा विचारू नये. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह, लगेच लिहून ठेवावे.