मुलं नाहीत आणि फॅमिली क्रूझला जायचंय? आमच्या दोन सफरींतून शिकलेलं

“मुलांची वयं काय?” बुकिंगसाठी फोन केला की पहिला प्रश्न हाच येतो. “मुलं नाहीत, आम्ही दोघंच,” असं सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग काळजीचा सल्ला येतो, “तुम्ही मोठ्यांसाठीचं एखादं जहाज का नाही बघत?” आम्ही नवरा-बायको तरीही दोनदा फॅमिली क्रूझला गेलो. पहिली सफर निम्मी फसली, दुसरी मनासारखी झाली, आणि दोन्हींतला फरक बहुतेक सगळा तयारीचा होता. ती तयारी इथे लिहिते आहे.

फोनवरचा तो सल्ला मात्र झटकून टाकू नका. मुलांचा आवाज कानावर पडला की तुमच्या कपाळावर आठी उमटत असेल, तर मुलांना प्रवेशच नसलेली जहाजं खरोखर आहेत. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंगच्या समुद्री सफरी फक्त 18 वर्षांपुढच्यांसाठी असतात, आणि ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ ही जहाजंही तशीच. तिथे सुखानं जा. मला मात्र पाण्याच्या घसरगुंड्या आवडतात, रंगमंचावरचे भव्य कार्यक्रम आवडतात, डेकवर उभं राहून आतषबाजी बघायची असते. हे सगळं जितकं फॅमिली जहाजावर मिळतं तितकं दुसरीकडे मिळत नाही. तुमचंही असंच असेल तर पुढे वाचा.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारीख. तेच जहाज, तोच मार्ग, पण शाळेच्या सुट्टीत आणि शाळा चालू असताना ते दोन वेगळे अनुभव असतात. कॅलेंडर बघायचं ते आपल्या शाळांचं नाही, जहाज ज्या देशातून सुटतं तिथल्या शाळांचं. अमेरिकेच्या बंदरातून निघणार असाल तर नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंग सणाचा आठवडा, नाताळ ते नवं वर्ष, मार्च-एप्रिलमधली वसंताची सुट्टी आणि जून ते ऑगस्ट हे दिवस टाळा. जानेवारी आणि फेब्रुवारीतला तिसरा सोमवार तिथे सुट्टीचा असतो. त्याला जोडून येणाऱ्या छोट्या सफरी मुलांनी भरून जातात, हे पटकन लक्षात येत नाही. ब्रिटनमधून निघणार असाल तर फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमधल्या आठवडाभराच्या अर्धसत्र सुट्ट्याही बघून घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबर निवांत असतो, पण कॅरिबियनमध्ये त्याची दुसरी बाजू आहे. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास सर्वाधिक. वादळ आलं तर जहाज वाट बदलतं, एखादं बंदर गळतं. आम्हाला ते चालतं, कारण आम्ही बंदरांपेक्षा जहाजासाठी जातो. तुमचा जीव एखाद्या बेटात अडकला असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा घ्या. विमा मात्र दोन्ही वेळी काढा.

किती रात्रींची सफर आहे हेही बघा. तीन-चार रात्रींच्या सफरींवर लहान मुलांची कुटुंबं जास्त असतात, दहा-बारा रात्रींवर कमी. आणि एक प्रकार फार थोड्या जणांना सुचतो. कॅरिबियनमधली बरीच जहाजं वसंतात युरोपला जातात आणि शरदात परततात. या महासागर ओलांडण्याच्या सफरीत ओळीनं कितीतरी दिवस नुसता समुद्र असतो आणि शाळा चालू असतात. तीच घसरगुंडी, तेच नाट्यगृह, पण मुलं अगदी मोजकी. फक्त अटलांटिकच्या मध्यावर वारा गार असतो, तेव्हा पोहण्याची फार आशा धरून जाऊ नका.

आता केबिन. पहिल्या सफरीत माझी चूक इथेच झाली. स्वस्त पडली म्हणून मी जी केबिन घेतली तिच्या भिंतीत शेजारच्या केबिनचं दार होतं. दोन खोल्या जोडून हव्या असणाऱ्या कुटुंबांसाठी अशी दारं असतात. दार कुलूपबंद होतं, पण आवाज काही कुलूप मानत नाही. पलीकडे दात येणारं एक बाळ होतं. रात्री दोनला ते रडायचं, त्याची आई हळू आवाजात काहीतरी गुणगुणायची, आणि ते गुणगुणणंसुद्धा मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. राग कुणावर धरणार? त्या माउलीची झोप माझ्यापेक्षा जास्त मोडत होती. पण पाच रात्रींतल्या तीन अशा गेल्या, आणि केबिन बदलून मागितली तर जहाज भरलेलं.

म्हणून बुकिंगच्या आधी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडाच. जोडणारं दार असलेल्या केबिनवर त्यात खूण असते, ती केबिन नको म्हणून सांगा. मग वरचा आणि खालचा मजला बघा. डोक्यावर पोहण्याच्या पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, बुफे असेल तर ट्रॉल्यांचा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असणारी जागा सगळ्यात शांत. किड्स क्लबच्या, म्हणजे मुलांच्या खेळघराच्या, मजल्यावर लिफ्टजवळची केबिन घेऊ नका. जहाज डोलल्यानं त्रास होत असेल तर लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. बाल्कनी परवडत असेल तर घ्याच. भर दुपारी डेक गजबजलेला असताना हक्काची मोकळी हवा तिथेच मिळते.

जेवणाच्या वेळा दोन असतील तर उशिराची मागा. पहिली पंगत संध्याकाळी सहाच्या आगेमागे आणि दुसरी सव्वाआठच्या सुमाराला असते. छोटी मुलं बहुतेक पहिलीत जेवून घेतात. त्याच वेळी दोघांचंच टेबल हवं असेल तर तेही सांगा. डिझ्नीच्या जहाजांवर याला जास्त महत्त्व आहे. तिथे रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण असतं, पण वाढणारी माणसं आणि टेबलावरचे सोबती मात्र तुमच्याबरोबर फिरत राहतात. सोबत जमली तर आठवडाभराची मैत्री होते. नाही जमली तर आठवडाभर तेच टेबल, म्हणून बदल हवा असेल तर पहिल्याच दुपारी सांगून टाका.

मोठ्यांसाठी राखीव जागा कुठे आणि किती आहेत, हे पैसे भरायच्या आधी शोधायचं. फॅमिली जहाज म्हणजे सगळीकडे मुलंच, हा समज चुकीचा आहे. डिझ्नीच्या जहाजांवर मोठ्यांचा वेगळा पूल आणि कॉफीची जागा असते, आणि ‘पालो’ नावाचं रेस्टॉरंट 18 वर्षांपुढच्यांसाठीच. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून आगाऊ बुकिंग ज्या दिवशी खुलं होतं त्याच दिवशी करून टाका. बहामामध्ये कॅस्टअवे के नावाचं त्यांचं खासगी बेट आहे. तिथे ‘सेरेनिटी बे’ हा किनारा फक्त मोठ्यांचा. बेटावरच्या जुन्या धावपट्टीवरून ट्रामनं किंवा सायकलनं तिकडे जाता येतं. आम्ही सायकली घेतल्या होत्या. शेवटच्या वळणानंतर मुलांचा कल्लोळ मागे राहिला आणि फक्त लाटांचा आवाज उरला. नवरा सायकल थांबवून नुसता ऐकत उभा राहिला होता.

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर ‘सोलॅरियम’ नावाचा भाग 16 वर्षांपुढच्यांसाठी असतो. त्यांच्या कोकोके बेटावर 2024 पासून ‘हाइडअवे बीच’ हा मोठ्यांचा किनारा आहे, तिथे संगीत बरंच मोठ्यानं असतं. शांतता हवी असेल तर तो तुमच्यासाठी नाही, नाचायचं असेल तर नक्की जा. डिझ्नीच्या जहाजांवर कॅसिनो नाही. रात्री तेच हवं असणाऱ्यांनी दुसरी कंपनी बघावी. मला ते नसल्याचा आनंदच झाला, कारण कॅसिनोचा धूर आणि घणघणाट दोन्ही नको असतात.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. फॅमिली जहाजावर मुलं भरती-ओहोटीसारखी येतात आणि जातात. त्यांची वेळ एकदा ओळखली की तेच जहाज दिवसातून तीन-चार वेळा जवळजवळ तुमचं एकट्याचं होतं. पहिल्या सफरीत आम्ही हे न ओळखता समुद्रातल्या दिवशी, म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी, दुपारी दीडला पूलवर गेलो. पाण्यात उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या वेळी पहिला दिवस मी वहीत नुसत्या वेळा टिपल्या आणि पुढचे सगळे दिवस त्यावर बेतले.

सकाळी सहा ते साडेसात डेकवर चालायला जा. चालणारे चार-दोन लोक असतात, मुलं अजून केबिनमध्येच. जहाज बंदराला लागलं की नऊपर्यंत बहुतेक कुटुंबं खाली उतरतात. अशा एका दिवशी तुम्ही उतरू नका. घसरगुंड्या चालू असतात आणि रांग नसते. डिझ्नीच्या ‘ड्रीम’ आणि ‘फँटसी’ या जहाजांवर डेकला वळसा घालणारी 765 फूट लांबीची ‘अ‍ॅक्वाडक’ ही पारदर्शक नळीची घसरगुंडी आहे, एका वळणावर ती जहाजाच्या कडेबाहेर, थेट समुद्रावर जाते. गर्दीच्या वेळी तिच्यासाठी बराच वेळ उभं राहावं लागतं. बंदराच्या दिवशी मी लागोपाठ सात वेळा बसले, पन्नाशीला टेकलेली असताना. कुणीही वेगळ्या नजरेनं बघत नाही. संध्याकाळची पहिली पंगत बसते तेव्हा पूल पुन्हा रिकामा होतो, आणि सूर्यास्तही साधारण त्याच वेळी असतो. रात्री दहानंतर मोठ्यांचे बार आणि गाण्याचे कार्यक्रम रंगतात. समुद्रातल्या दिवशी बारा ते चार हा भरतीचा काळ. तेव्हा स्पा, मोठ्यांचा पूल, नाहीतर बाल्कनीत पुस्तक.

जहाज मुलांसाठी आहे म्हणजे आपण तिथे उपरे आहोत असं मुळीच नाही. मिकीबरोबर फोटो काढायला तुम्हीही रांगेत उभे राहू शकता, खुशाल राहा. काही मर्यादा मात्र कसोशीनं पाळा. किड्स क्लबमध्ये मोठ्यांना प्रवेश नसतो आणि ते योग्यच आहे. आत बघायची उत्सुकता असेल तर डिझ्नीवर सगळ्यांसाठी खुल्या वेळा ठेवलेल्या असतात, तेव्हा जा. दुसऱ्यांची मुलं आपल्या फोटोत येणार नाहीत असं बघा. चुकलेलं, रडणारं मूल दिसलं तर त्याचा हात धरून शोधत फिरू नका. तिथेच त्याच्याजवळ थांबा आणि जवळच्या कर्मचाऱ्याला बोलवा. आणि हात साबणानं धुवा, पुन्हा पुन्हा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस हँड सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, आणि मुलांचे हात तर सगळीकडे लागलेले असतात.

एकट्यानं जाणार असाल तर भाडं आधी नीट विचारा. केबिनचा दर दोन माणसं धरून लावलेला असतो, त्यामुळे एकट्याला बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीनं 2010 मध्ये ‘एपिक’ जहाजावर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन सुरू केल्या, सोबत त्यांच्यासाठी बसायची सामाईक जागाही. त्या कंपनीच्या जहाजांवर मुलंही असतात, म्हणून तुलनेला तिथून सुरुवात करा.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर मी खूप विचार केला. आम्हाला मुलं हवी होती. बरीच वर्षं उपचार घेतले आणि मग थांबलो. तुमचंही असं काही असेल तर जहाजावर एखादा क्षण अचानक अंगावर येईल, हे धरून चला. मला तो आतषबाजीच्या रात्री आला. शेजारच्या बाबानं मुलीला खांद्यावर घेतलं, आणि आकाशात पहिला बाण फुटला तेव्हा तिनं त्याचे केस घट्ट धरले. मला पुढचं काही दिसेना. नवऱ्यानं विचारलं नाही, फक्त हात धरून मला वरच्या डेकच्या मागच्या टोकाला नेलं. तिथूनही आतषबाजी दिसत होती. आम्ही ती शेवटपर्यंत बघितली.

म्हणून जायच्या आधी जोडीदाराशी बोलून ठेवा. निघायचं असेल तेव्हा काय खूण करायची, कुठे जायचं, हे ठरलेलं असलं की त्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. सफरीतली एक संध्याकाळ मोठ्यांच्या रेस्टॉरंटमध्ये आधीच राखून ठेवा, शक्यतो मधल्या दिवशी. आणि “तुमची मुलं कुठे आहेत?” हा प्रश्न लिफ्टमध्ये नक्की येणार. माझं उत्तर ठरलेलं आहे, “आम्ही दोघंच आलोय, तुमची कितवीत आहेत?” समोरचा आनंदानं आपल्या मुलांबद्दल बोलू लागतो आणि माझा मजला येतो.

शेवटच्या सकाळची एक युक्ती. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवल्या तर त्या बंदरावर ढिगातून शोधाव्या लागतात. दोघांचं सामान थोडंच असतं, म्हणून ते स्वतः घेऊन उतरणार असं आधी कळवा, सगळ्यात आधी सोडतात. त्या वेळी लिफ्ट बाबागाड्यांनी भरलेल्या असतात, तेव्हा बॅग उचलता येईल इतकीच भरा आणि जिन्यानं उतरा.