रुग्ण घरी यायच्या आधी खोली कशी लावावी

ऑपरेशन झालं, डॉक्टर घरी सोडणार म्हणाले, की घरात धावपळ सुरू होते. औषधं कुणी आणायची, रजा कुणी काढायची, रात्री सोबतीला कोण झोपणार. या सगळ्यात खोलीचा विचार होतो तो इतकाच, की धुतलेली चादर घालायची आणि पसारा आवरायचा. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही एवढंच केलं. पलंग कोपऱ्यात भिंतीला लावला, कारण तिथे तो नीट दिसत होता. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सकाळपासून त्या ट्यूबलाइटकडेच बघतेय मी." तिच्या शेजारी जाऊन आडवी झाले तेव्हा लक्षात आलं. खोली मी उभ्यानं लावली होती, आणि तिला तिथे आडव्यानं राहायचं होतं.

आधी स्वतः पलंगावर पडा

रुग्ण यायच्या एक-दोन दिवस आधी त्या पलंगावर पंधरा मिनिटं उताणे पडून राहा. फोन बाजूला ठेवा. वर काय दिसतं? दिवा थेट डोळ्यांत येतो का? मान न वळवता दार दिसतं का? खिडकीतून काय दिसतं, आभाळ की फक्त गज? कुठला आवाज सारखा येतो? हात लांबवला तर कशापर्यंत पोचतो? आता उठा, पण रुग्णाला उठावं लागेल तसे. दुखऱ्या पायावर भार न देता किंवा एकच हात वापरून उठून बघा. हाच प्रयोग रात्री दिवे मालवून एकदा करा. जे खटकेल ते कागदावर लिहून ठेवा. पुढची बहुतेक कामं या यादीतूनच निघतात.

फिनलंडमध्ये पाइमिओ इथे क्षयरोग्यांसाठी बांधलेलं सॅनेटोरियम १९३३ मध्ये सुरू झालं. त्याचा वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यानं खोल्यांची आखणी करताना नेमका हाच विचार केला होता: रुग्ण दिवसचे दिवस आडवा असतो, म्हणजे त्याच्यासाठी छत हीच समोरची भिंत. म्हणून छताला डोळ्यांना सुखावणारा गडद रंग दिला आणि दिवा रुग्णाच्या नजरेत येणार नाही असा बसवला. वॉशबेसिनचा आकारही असा केला, की पाणी तिरकं पडावं आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये. तेव्हा क्षयावर प्रतिजैविकं नव्हती. हवा, ऊन आणि विश्रांती हेच उपचार होते, त्यामुळे इमारतीला औषधाइतकंच मनापासून घडवलं गेलं. आज औषधं आहेत म्हणून खोलीचं काम संपलं, असं मला मुळीच वाटत नाही.

पलंगाची जागा ठरवा

खिडकी रुग्णाच्या एका बाजूला आणि पडल्यापडल्या बाहेरचं दिसेल अशी हवी. ती डोक्यामागे असेल तर काहीच दिसत नाही, आणि अगदी समोर असेल तर ऊन डोळ्यांवर येतं.

रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं बघणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, एकाच रुग्णालयातला आहे, त्यामुळे झाड दिसलं की जखम भरते असं कुणी समजू नये. पण पलंग दोन हात सरकवायला काही लागत नाही, आणि दिवसभर पडून असलेल्या माणसाला हलणारी पानं दिसणं म्हणजे काय, ते पडून बघितलेल्यालाच कळतं.

बाहेर बघण्यासारखं काही नसेल तर पडल्यावर जिथे नजर जाते तिथे, म्हणजे नेहमीपेक्षा खाली किंवा पायथ्याच्या भिंतीवर, पाण्याचं, झाडांचं किंवा घरच्या माणसांचं एखादं चित्र लावा. अमूर्त, गडद चित्रं काढून ठेवा. औषधाच्या गुंगीत त्यात भलतंच काही दिसू लागतं. वयस्कर आणि गोंधळलेल्या माणसाच्या समोर आरसाही नको. कुंडी ठेवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णाच्या खोलीत माती नको, तिच्यातल्या बुरशीचा धोका असतो.

दार नजरेच्या टप्प्यात असावं. मागून अचानक कुणी येऊन उभं राहिलं की आजारी माणूस दचकतो. पलंगाच्या ज्या बाजूनं उतरायचं तिथे निदान ९० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. कोणत्या बाजूनं उतरायचं, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. आणि पलंग भिंतीला चिकटवू नका. मदत करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी जाता आलं नाही तर त्याची कंबर आधी जाते.

उंची मोजा

पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत. बहुतेकांना गादीसकट ४५ ते ५० सेंटिमीटर उंची जमते, पण मोजायचं ते त्या माणसाचं. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहायला हवा, म्हणून बुटक्या, खोल रुतणाऱ्या खुर्च्या खोलीतून बाहेर काढा. खुर्चीला हात असलेच पाहिजेत, उठताना सगळा भार त्यांच्यावर येतो.

दिवसाला दिवस आणि रात्रीला रात्र वाटू द्या

आजारी माणसाच्या खोलीत सगळ्यात जास्त बिघडतो तो प्रकाश. दिवसा "झोपू दे" म्हणून पडदे ओढतात, रात्री "काही लागलं तर" म्हणून दिवा चालू ठेवतात. शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळचा लख्ख उजेड त्याला दिवस सुरू झाल्याचं सांगतो. रात्रीचा पांढरा-निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दाबतो आणि झोप पातळ करतो. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर अनेक हजार लक्स असतो. खिडकी ही खोलीतल्या कुठल्याही दिव्यापेक्षा मोठी आहे, हे यावरून ध्यानात यावं.

कॅनडातल्या एका रुग्णालयात तीव्र नैराश्याचे जे रुग्ण उजेडाच्या खोल्यांत होते ते सरासरी १६.९ दिवसांत घरी गेले आणि कमी उजेडाच्या खोल्यांतले १९.५ दिवसांत. हा अभ्यास १९९६ चा.

मग करायचं काय? उठल्याबरोबर पडदे पूर्ण उघडा. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळी अर्धा तास खिडकीशी किंवा बाल्कनीत बसवा. दुपारची झोप असावी, पण लहान. संध्याकाळनंतर छतावरचा मोठा दिवा बंद करून उशाशी पिवळसर उजेडाचा दिवा लावा. त्याचं बटण पडल्यापडल्या हाताला लागलं पाहिजे. रात्री झोपण्याच्या जागी अंधार हवा, पण पलंगापासून संडासापर्यंतची वाट दिसलीच पाहिजे. त्यासाठी जमिनीलगत, गुडघ्याच्या खाली, मंद पिवळे किंवा लालसर दिवे लावा. हालचाल झाली की आपोआप लागणारे मिळाले तर उत्तम. मोठा दिवा एकदम लावला की डोळे दिपतात, आणि त्याच क्षणी तोल जातो.

वय झालेल्या डोळ्यांसाठी दिवसाचा उजेड वाढवा. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड वडिलांना गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं वाचायला पुरत नाही.

आवाज शोधून काढा

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये सांगितलं, की रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा. म्हणजे जवळजवळ कुजबुजीइतका. घरात तो आकडा गाठायच्या मागे लागू नका, पण बिजागऱ्यांना तेल घाला, धाडकन आपटणाऱ्या दाराला रबर लावा, ठिबकणारा नळ दुरुस्त करा. टीव्ही शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवा.

एक आवाज मात्र कुणी मोजत नाही, तो म्हणजे दाराबाहेरची कुजबुज. आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्येच याबद्दल रागानं लिहिलं होतं. रुग्ण कान देऊन ऐकतो, अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तो भीतीनं भरतो. बोलायचंच असेल तर त्याच्यासमोर स्पष्ट बोला, नाहीतर इतकं दूर जाऊन बोला की काहीच ऐकू येणार नाही.

हवा खेळती ठेवा

नाइटिंगेलच्या मते शुश्रूषेचा पहिला नियमच हा होता: रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध असावी, पण त्याला थंडी वाजू नये. पेरूमधल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापं आहेत. दारं-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सगळ्यांत सरस ठरल्या.

समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार दिवसातून तीन-चारदा थोडा वेळ उघडा. झोत अंगावर घेऊ नका. बाहेर धूर किंवा धूळ असेल ती वेळ टाळा. दम्याच्या रुग्णाजवळ सुगंधी फवारे नकोत. ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत कुठलीही ज्योत किंवा सिगारेट अजिबात नको.

काय जवळ ठेवायचं, काय मुद्दाम लांब

इथे मी सगळ्यांत मोठी चूक केली होती, म्हणून जरा थांबून सांगते. पाणी, चष्मा, फोन आणि बोलावण्यासाठी घंटा या चार गोष्टी हात न ताणता मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी पलंगाच्या उंचीचं, न डुगडुगणारं छोटं टेबल हवं. मी मात्र आईच्या प्रेमापोटी सगळंच जवळ आणून ठेवलं. पुस्तकं, कपडे, रेडिओ, जेवणाचं टेबलसुद्धा. परिणाम असा, की तिला उठायचं कारणच उरलं नाही.

पडून राहण्याची किंमत फार मोठी असते. २००७ मधल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायूचं वजन घटलं. हे निरोगी होते. आजाऱ्याचं यापेक्षा वेगानं घटतं.

म्हणून चालायची परवानगी मिळाल्या दिवशी खोली पुन्हा लावा. हात असलेली खुर्ची खिडकीशी ठेवा, पलंगापासून चार-पाच पावलांवर. रेडिओ, पुस्तक किंवा विणकाम, जे काही त्या माणसाला आवडतं, ते त्या खुर्चीजवळ जाऊ द्या. वाटेत हात टेकायला एखादं जड, न सरकणारं फर्निचर असावं. जेवण खुर्चीत बसूनच. "उठा, चाला" असं दहादा सांगण्यापेक्षा हे जास्त चालतं, आणि रुग्णाला कुणाची बोलणी खावी लागत नाहीत.

वाट आणि बाथरूम

सैल पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी उचला. वॉकर घेऊन सगळी वाट एकदा स्वतः चाला. कुठे अडकतो ते लगेच कळतं. व्हीलचेअर असेल तर दाराची मोकळी रुंदी निदान ८१ सेंटिमीटर आणि वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. उंबऱ्याला उतार करायचा झाला तर एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी धरा.

कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच हवी. कमी असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. आधाराची दांडी जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर, भिंतीत पक्की ठोकलेली. टॉवेलच्या दांडीला धरून कुणी उठत असेल तर ती आजच काढा, ती माणसाचं वजन पेलत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड मंद नजरेला दिसत नाही, तिथे गडद रंगाची सीट बसवा. उलट, स्मृतिभ्रंशाच्या माणसाला जमिनीवरचं काळं पायपुसणं खड्डा वाटतं आणि तो तिथेच थबकतो.

वयस्कर माणूस गोंधळू नये म्हणून

मोठ्या आजारानंतर सत्तरीपुढची काही माणसं दिवसरात्र विसरतात, घरच्यांना ओळखत नाहीत. अमेरिकेत १९९९ मध्ये ८५२ वृद्ध रुग्णांवर झालेल्या अभ्यासात साध्या काळजीनं हा भ्रम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. ती काळजी कसली? चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, पुरेसं पाणी, चालवणं, रात्री न उठवणं, आज वार कोणता आणि समोर कोण आहे ते सांगत राहणं.

खोलीत याचं रूप असं: मोठ्या आकड्यांचं घड्याळ पडून दिसेल तिथे, रोज पान बदललेलं कॅलेंडर, स्वतःची नेहमीची चादर, आणि चष्मा ठेवायची एकच ठरलेली जागा. भ्रम अचानक सुरू झाला तर मात्र खोली लावत बसू नका. तो संसर्गाचा किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दर आठवड्याला एकदा रुग्णाला विचारून त्याच्या पलंगावर पुन्हा पडा आणि यादी नव्यानं करा. बेडपॅन अजून लागतो का? नसेल तर तो नजरेआड करा. टेबलावर औषधांच्या बाटल्यांची रांग लागली असेल तर ती कपाटात ठेवा, आणि त्या जागी रुग्णाला काय हवंय ते त्यालाच विचारा. आईनं तिथे पत्त्यांचा जोड मागितला होता.