४०९६ बाइटांपलीकडचा पाथ कसा हाताळावा

पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा मार्ग, लांब झाला की सल्ला ठरलेला असतो: बफर मोठा करा. कुणी पाथ_मॅक्सच्या (पाथच्या कमाल लांबीचा ठरलेला आकडा) दुप्पट जागा घेतो, कुणी दहापट. लिनक्सवर याचा उपयोग शून्य. तुमच्या बफरशी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) काही देणंघेणं नाही. सिस्टिम कॉलला, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागणीला, दिलेला पाथ तो स्वतःच्या ४०९६ बाइटांच्या जागेत उतरवून घेतो, शेवटचं शून्य धरून. हाताशी उरले ४०९५. त्यात मावलं नाही की ईनेमटूलाँग ही एरर, विषय संपला.

मात्र ही मर्यादा एका कॉलमध्ये दिलेल्या पाथची आहे, डिरेक्टरी किती खोल जावी याची नाही. एक्स्ट४ या फाइलसिस्टिमवर एकेक नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकतं, पण खोलीला असा धरबंध नाही. डिरेक्टरीत शिरा, आत नवी करा, तिच्यात शिरा, असं कितीही करत जाता येतं. कुणीतरी ते करतोच, आणि मग तुमचा बॅकअपचा प्रोग्राम तिथे जाऊन आपटतो. उपाय एकच: पूर्ण पाथ कर्नलसमोर टाकायचा नाही, डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीला किंवा डिरेक्टरीला कर्नल देतो तो क्रमांक) हातात धरून टप्प्याटप्प्याने आत उतरायचं.

चाचणीचं झाड

हे आधी करा. ‘क’ हे अक्षर ८५ वेळा लिहून नाव बनवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणजे नाव बरोबर २५५ बाइटांचं. (काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ दिसायला आटोपशीर, पण ३० बाइट खातो.) मग एमकेडिरॲट (दिलेल्या डिस्क्रिप्टरच्या आत डिरेक्टरी करणारा कॉल), ओपनॲट (तसंच आतलं उघडणारा), पुन्हा एमकेडिरॲट, अशा २० पातळ्या करा. १६ नावं आणि मधले १५ स्लॅश मिळून ४०९५ होतात, म्हणजे रिलेटिव्ह पाथ (स्लॅशने सुरू न होणारा) काठोकाठ मावतो. त्याच्यापुढे एक स्लॅश लावलात की नापास. सीमेवरच्या चुका इथेच पकडल्या जातात.

सुरुवातीचा डिस्क्रिप्टर

पाथ स्लॅशने सुरू होत असेल तर रूट उघडा, नाहीतर एटी_एफडीसीडब्ल्यूडी, म्हणजे चालू डिरेक्टरी. मधल्या डिरेक्टऱ्या ओ_पाथ, ओ_डिरेक्टरी आणि ओ_क्लोएक्झेक हे फ्लॅग घालून उघडा. ओ_पाथ अशासाठी, की मधल्या एखाद्या डिरेक्टरीवर आत जाण्याची परवानगी असते पण वाचण्याची नसते. वाचण्यासाठी उघडणारा ओ_आरडीओन्ली तिथे विनाकारण अडतो.

तुकडे पाडणं

खरी मेख इथे आहे. या टप्प्याने मला पूर्वी चांगलंच छळलंय, आणि आजही दुसऱ्याचा कोड तपासताना माझी नजर आधी इथेच जाते.

ढोबळ रीत सोपी. पाथची स्वतःची प्रत घ्या (कॉल करणाऱ्याच्या स्ट्रिंगला हात लावू नका), पहिल्या ४०९५ बाइटांच्या आतला शेवटचा स्लॅश शोधा, तिथे शून्य ठेवा, तेवढा तुकडा ओपनॲटने उघडा, जुना डिस्क्रिप्टर बंद करा, उरलेल्या भागावर तेच पुन्हा. एवढ्या अंतरात स्लॅशच नसेल तर नावच २५५ च्या वर आहे. सरळ एरर द्या.

आता धोका. समजा पाथमध्ये कुठेतरी ‘…/जुने//घर/…’ आहे. दोन स्लॅश एकामागोमाग येणं पूर्ण वैध आहे, आणि स्ट्रिंगा जोडून पाथ बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते हमखास येतात. तुम्ही ‘जुने’नंतर कापलं, एक स्लॅश ओलांडला आणि पुढचा तुकडा उरला ‘/घर’. स्लॅशने सुरू होणारा पाथ मिळाला की ओपनॲट तुम्ही दिलेल्या डिस्क्रिप्टरकडे ढुंकूनही पाहत नाही, थेट रूटपासून शोधतो. एरर नाही, इशारा नाही. वाचत असाल तर चुकीची फाइल वाचाल. अनलिंकॲटने काढून टाकत असाल तर पुढचं सांगायला नको. म्हणून कापल्यानंतर एक स्लॅश ओलांडू नका, असतील तेवढे सगळे ओलांडा. आणि प्रत्येक कॉलच्या आधी ‘तुकड्याचं पहिलं अक्षर स्लॅश नाही’ ही तपासणी ठेवा. रिलीजच्या बिल्डमध्ये ती काढू नका, कुणी वेगाचं कारण सांगितलं तरी.

याच्याच उलट बाजू: पाथ स्लॅशवर संपत असेल तर शेवटी रिकामा तुकडा उरतो, आणि रिकाम्या पाथवर ओपनॲट ईएनओईएनटी (असं काही नाही) ही एरर देतो. रिकामा तुकडा म्हणजे पोहोचलो, असं धरा.

एरर आली तर क्लोज करण्याआधी एरनो (एररचा क्रमांक) बाजूला ठेवा. क्लोज ते बदलू शकतो.

आणि सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद. त्याच्यामागे जाऊ नको असं सांगणारा ओ_नोफॉलो फ्लॅग फक्त शेवटच्या नावाला लागू होतो, मधल्यांना नाही. चार हजार बाइटांच्या तुकड्यात मध्ये कुणी सिमलिंक पेरला असेल तर तुम्ही निमूट त्याच्यामागे जाल. झाड दुसऱ्याच्या ताब्यातलं असेल तर मोठे तुकडे विसरा, एकेक नाव उघडा. लिनक्स ५.६ पासून ओपनॲट२ आहे. त्यात रिझॉल्व्ह_नो_सिमलिंक्स दिलं की मधलेही अडवले जातात.

झाडभर फिरताना

प्रत्येक पातळीला एक डिस्क्रिप्टर उघडा ठेवणारं रिकर्शन लिहू नका. बऱ्याच ठिकाणी उघड्या डिस्क्रिप्टरांची सॉफ्ट मर्यादा १०२४ असते. हजारेक पातळ्यांवर ईएमफाइल (फार फाइली उघड्या) ही एरर येणारच. आत जाताना प्रत्येक डिरेक्टरीचा एसटी_डेव्ह आणि एसटी_आयनो (डिव्हाइसचा आणि आयनोडचा क्रमांक, मिळून डिरेक्टरीची ओळख) टिपून ठेवा, वर येताना ‘..’ उघडा आणि आकडे जुळतात का पाहा. मधल्या वेळात कुणी डिरेक्टरी उचलून दुसरीकडे नेली असेल तर ‘..’ भलतीकडे नेतो. जुळलं नाही तर थांबा. अंदाजाने पुढे जाऊ नका. आणखी एक: यादी वाचायला ओ_पाथचा डिस्क्रिप्टर चालत नाही, तिथे वाचण्यासाठीच उघडावा लागतो. यादी वाचायला घेणाऱ्या एफडीओपनडिरला दिलेला डिस्क्रिप्टर मग त्याचा झाला, क्लोजडिर तोही बंद करतो.

‘सीएचडिर करत (चालू डिरेक्टरी बदलत) आत जा’ हा सल्ला छोट्या एकट्या प्रोग्रामपुरता ठीक. लायब्ररीत तो वापरणाऱ्याला मी कोड परत पाठवतो. चालू डिरेक्टरी सगळ्या थ्रेडांची सामायिक असते.

किरकोळ

एसएनप्रिंटएफने पाथ जोडत असाल तर परत आलेला आकडा तपासा. शेपूट तुटलेला पाथ एररपेक्षा वाईट: ‘बॅकअप-जुने’ काढायला गेलात आणि हातात ‘बॅकअप’ आलं तर?

चालू डिरेक्टरीचा पाथ देणाऱ्या गेटसीडब्ल्यूडीला बफरऐवजी नल दिलंत तर ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) लांबलचक पाथही काढून देते, पण तो पुन्हा कुठल्याच कॉलला देता येत नाही. जागा लक्षात ठेवायची तर डिस्क्रिप्टर ठेवा.

विंडोजवर दुनिया वेगळी. मॅक्स_पाथ २६० अक्षरांचा, नवीन डिरेक्टरी करताना २४८. पूर्ण पाथच्या आधी ‘\\?\’ लावलं की सुमारे ३२,७६७ पर्यंत जाता येतं, पण मग ‘..’ सोडवून मिळत नाही आणि उलटे स्लॅशच लागतात. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ही मर्यादा उठवणारं लाँगपाथ्सएनेबल्ड आहे. लोक रजिस्ट्रीत ते चालू करतात आणि प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये लाँगपाथअवेअर लिहायचं विसरतात. दोन्ही लागतात.

राहिला युनिक्स सॉकेट, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचं साधन; त्याचा पत्ताही पाथच असतो. त्याच्या पत्त्याला लिनक्सवर अवघे १०८ बाइट, आणि डिस्क्रिप्टरच्या आधाराने सॉकेटला पत्ता देणारा बाइंडॲट नावाचा कॉल लिनक्समध्ये नाही. डिरेक्टरी ओ_पाथने उघडा, समजा डिस्क्रिप्टर ५ आला, तर प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी फाइलसिस्टिम) सेल्फच्या एफडीखाली ५, म्हणजे ‘/proc/self/fd/5’, त्यापुढे स्लॅश आणि सॉकेटचं नाव असा पत्ता बाइंडला द्या. प्रॉक माउंट केलेला असला की झालं, डिरेक्टरी कितीही खोल असो.