क्रूझला निघताना बॅग अशी भरा

जळगाव-धुळ्याहून मुंबईला क्रूझ पकडायला जाताना बॅग बंदरावरच्या स्कॅनरपाशी अडू शकते. कारण? विजेच्या वस्तू आणि घरचा डबा.

१. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड घरीच ठेवा. जहाजाला आगीची धास्ती मोठी, त्यामुळे अगरबत्ती, कापूर, मेणबत्तीही नको. देवाचा फोटो खुशाल न्या, पेटवायचं काही नेऊ नका. एक्स्टेंशन बोर्डही बहुतेक ठिकाणी काढून घेतात.

२. भरीत, ठेचा, दशम्या रेल्वेतच संपवा (उरतात कुठे म्हणा!). केळी वेफर्स, शेव न्यायचीच तर छापील लेबलची सीलबंद पाकिटं घ्या.

३. ज्या वस्तूंबद्दल शंका आहे त्या एका कापडी पिशवीत सगळ्यात वर ठेवा. अडवलं तर तेवढीच पिशवी काढायची, रांगेत आख्खी बॅग उचकायला नको.

४. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. मोठी बॅग खोलीवर उशिरा येते.

सुरी, अडकित्ता वरच्या पिशवीतही नकोत. आणि यादी कंपनीगणिक बदलते, तेव्हा तिकिटासोबत आलेले नियम निघायच्या आदल्या दिवशी वाचाच.