नाडीस्वेद: वाफेची नळी वाकडी का असते

खानापूरकडच्या बांधांवर निर्गुडी भरपूर. कानडी शेजारी तिला 'लक्की' म्हणतात. गुडघा आखडला की तिच्या पाल्याचा वाफारा घेणं हा घरोघरचा जुना उपाय. त्याने सांधा तेवढ्यापुरता मोकळा होतो. झिजलेली कूर्चा भरून येत नाही.

चरकसंहितेत अग्नीच्या मदतीने घाम काढण्याचे 13 प्रकार आहेत, त्यातला हा नाडीस्वेद, म्हणजे नळीतून वाफेचा शेक. नळी एक वाव (दोन्ही हात आडवे पसरल्यावरची लांबी) किंवा अर्धा वाव लांब आणि दोन-तीन ठिकाणी वाकवलेली असावी, असं तिथे सांगितलंय. वळणांवर वाफेचा जोर मोडतो आणि कातडी भाजत नाही. घरगुती जुगाडात नेमकं हेच सुटतं: वीतभर सरळ नळी लावतात आणि मग फोड येतात. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता अंगावर उतरते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

पाच लिटरचा कुकर, दोन लिटर पाणी, दोन मुठी पाला. पाला फडक्यात सैल बांधूनच टाका. सुटं पान शिट्टीच्या भोकात अडकलं की आत दाब चढतो. शिट्टी काढून तिथे उष्णता सोसणारी सिलिकॉनची नळी घट्ट बसवा, साधारण तीन फुटी. बागेची प्लास्टिकची नळी मऊ पडून निसटते. वळणं आडवी द्या. नळी मध्येच खाली लोंबली तर तिथे पाणी साचतं आणि टोकातून उकळत्या गुळण्या येतात. टोकाला चार पदरी फडकं गुंडाळा.

गुडघ्याला कोमट तिळाचं तेल हलकं चोळा. वाफ आधी शेक देणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर बघावी. मग हातभर अंतरावरून, नळी एका जागी न थांबवता, दहा मिनिटं. दव पडल्यासारखा बारीक घाम आला आणि जखडण सैल झाली की पुरे. आग, तहान, चक्कर यातलं काहीही जाणवलं तर त्याआधीच थांबा. पुसून पांघरूण घ्या, लगेच पंख्याखाली बसू नका.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, ताप असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर वाफ नको. बधिर पायाला भाजलेलं कळतच नाही. गरोदरपणात वैद्याला विचारल्याशिवाय नको. घरात दुसरं कोणी नसेल तर कुकरच्या भानगडीत पडू नका. त्याच पाल्याच्या काढ्यात टॉवेल बुडवून, पिळून, सोसेल तसा ठेवा.

याच 13 प्रकारांत कूपस्वेद आहे: खाटेच्या मापाचा खड्डा, त्यात जळतं शेण, वर खाट. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी त्याच वळणाची. ती मात्र आता बंदच करावी. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून, ओवा-शेपा टाकून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, धूर नाही; ओव्याच्या दरवळात तर संशयही येत नाही. आई-बाळ दोघांनाही आधी सुस्ती येते आणि ती शेकाची गुंगी समजली जाते.

तापात घोंगडी पांघरून घाम काढणंही सोडा, लहान मुलांना तर अजिबात नको. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही.